सटवाजीच्या नावाची हाक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते विचारू नका, साळवंडी गावात सटवाजी नावाचा गारुडी राहायचा. नागपंचमीला तो टोपलीतला नाग पारावर आणायचा आणि माहेरी आलेल्या लेकी त्याच्या फण्याला हळद लावायच्या. नाग कुणालाही चावायचा नाही. "माज्या मंतराला मानतो त्यो," असं सटवाजी सांगायचा आणि गाव माना डोलवायचं.

मंत्र कसला नि काय! सणाआधी तो रानातला नाग धरायचा, झोपडीचं दार लावायचा आणि वस्तऱ्यानं नागाच्या डोळ्यांमागच्या विषाच्या पिशव्या कापून काढायचा. सण पार पडायचा, पण नागाचा जबडा सुजायचा, त्याला काही गिळता यायचं नाही आणि तो टोपलीतच उपाशी मरायचा. सटवाजी त्याला गुपचूप पुरायचा नि पुढच्या वर्षी दुसरा धरायचा.

असं म्हणतात, की पुढे पुढे नागाला वस्तरा लागला की सटवाजीचाच जबडा सुजू लागला. भाकरी घशाखाली उतरेना. अंथरुणाला पाठ टेकली की जमिनीखालून सळसळ ऐकू यायची. मग तो उठायचा, बसायचा, वस्तरा विहिरीत टाकायला निघायचा नि अर्ध्या वाटेतून परत यायचा. टाकला असता, तर गावाला काय सांगणार होता?

त्या वर्षी त्याची लेक सुंद्री लग्नानंतर पहिल्यांदाच पंचमीला आली. पहिल्या हळदीचा मान तिचा. नाग धरलेला होता, पण सटवाजीचा हात काही चालेना. शेवटी पिशव्या न कापताच तो टोपली घेऊन पारावर आला.

"औंदा लांबूनच हात जोडा. इख हाय यात," तो म्हणाला. वस्तऱ्याचं सांगायला मात्र जीभ रेटेना.

बायका हसल्या. "तुमचा मंतर असताना कसलं इख, आबा?" म्हणत सुंद्रीनं झाकण काढलं आणि हळदीचं बोट पुढं केलं. नाग झेपावला. सटवाजीनं मध्ये हात घातला आणि नागाचे दात त्याच्या मनगटात रुतले.

"मंतर म्हणा, आबा!" लेक किंचाळली.

"मंतर न्हवताच कधी, पोरी. वस्तरा व्हता."

हे कुणालाच पटेना. पलीकडच्या गावच्या दवाखान्यात न्यायला कुणी गाडी जुंपली नाही. 'आता म्हणेल, मग म्हणेल' करत सगळे मंत्राची वाट बघत बसले. मला याचा अजून संताप येतो. असं म्हणतात, की सटवाजीचा श्वास थांबेपर्यंत नाग फणा काढून तिथंच उभा राहिला, मग गर्दीतून वाट काढत रानात गेला. त्याच्यावर कुणी काठी उगारली नाही.

साळवंडीत आता नाग कुणी धरत नाही. लेकी बांधावरूनच वारुळाला हात जोडतात. आणि कुणाला साप चावला, की घरातलं माणूस दारात येऊन "सटवाजी!" अशी हाक मारतं. मग जवळ ज्याचं वाहन असेल, त्यानं हातचं काम टाकून तालुक्याचा दवाखाना गाठायचा. एकदा ही हाक आली तेव्हा वरात वेशीत पोचली होती. नवरा-नवरी मुकाट खाली उतरले आणि सजवलेल्या जीपमध्ये एका म्हातारीला निजवलं. नवरी पायीच सासरी गेली. म्हातारी चार दिवसांनी त्याच जीपमधून, सुकलेल्या झेंडूच्या माळांत बसून, गावात परत आली.