जखम नसलेली जागा

“बाबा, रक्त गोठलं कसं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

दामोदरबाबा नदीकाठच्या मठाच्या पायरीवर बसून भिक्षेच्या झोळीला ठिगळ लावत होते. मान वर न करता ते उत्तराला म्हणाले, “तू सांगायलाच आली आहेस ना, बाई.”

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. डॉक्टर उत्तरा देवतळे कपडे बदलायला घरी गेली होती आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या मेथी निवडत होती. दवाखान्यातून फोन आला. हंसराज गेला. तिने फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली.

हंसराज हा बाबांचा सर्वांत धाकटा शिष्य. तापाने त्याचं हृदय थकलं, तेव्हा उत्तरानेच त्याला यंत्रावर ठेवलं होतं. नळीने अंगातलं रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा, दुसऱ्या नळीने परत आत सोडायचं. “काळजी सोडा, बाबा,” ती तेव्हा म्हणाली होती. “तो चालत मठात येईल.”

त्यानंतर ती मठात आजच आली होती.

दुपार होती. नदीवरून सावरीचा कापूस तरंगत येत होता. पलीकडचा काठ उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. तिला सारखं वाटत होतं, आत्ता हंसराज घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढून येईल आणि विचारील, ‘डॉक्टरीणबाई, जेवलात का?’

“सांग,” बाबा म्हणाले.

“यंत्रात रक्ताचा प्लास्टिकच्या नळीला स्पर्श होतो. ती काही शरीरातली नस नव्हे. रक्तातल्या प्लेटलेट्सना वाटतं, जखम झाली. त्या जाग्या होतात. एकमेकींना बोलावतात, चिकटून बसतात. यंत्रात गाठी धरतात.”

“जखम नसताना?”

“नसताना.”

“आमच्या भिक्षेच्या भाकरीवर पोसलेलं रक्त ते. परक्या घरी बावरलं असेल.”

उत्तराला हसू आलं नाही.

“गोठू नये म्हणून औषध देतो, बाबा. पण त्याच्या नाकातून रक्त वाहायला लागलं. थांबेचना. म्हणून मी औषध कमी केलं. आम्ही बॅटरीचा उजेड मारून मारून यंत्रात काळे ठिपके शोधत होतो. ठिपके दिसले, तोवर एक गाठ मेंदूत गेली होती.”

“हं.”

“रक्तानं दगा दिला.”

बाबांचा हात थांबला. सुई बोटात गेली होती. लाल थेंब झोळीवर पडला.

उत्तरा पुढे झाली. तिने ते म्हातारं बोट चिमटीत धरलं, घट्ट दाबलं. कापसाचा एक पुंजका त्यांच्या मधून तरंगत गेला…

तिने चिमूट सोडली. रक्त थांबलं होतं.

“कुणी थांबवलं?”

“मी दाबून… नाही. प्लेटलेट्सनी.”

“त्याच का त्या?”

“त्याच.”

“मग तिकडे त्या कुणाला वाचवायला धावल्या होत्या?”

उत्तराने झोळीवरच्या लाल डागाकडे पाहिलं.

“… त्यालाच.”

पिशवीतला फोन थरथरला. ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला.

“माशी अडकली आहे का आत?” बाबांनी विचारलं.

“दवाखाना आहे, सकाळपासून फोन येताहेत. एक बाई आली आहे, अशाच तापाची. तिथले डॉक्टर पिंपळकर विचारताहेत, यंत्रावर घ्यायचं का. मी त्यांना सांगितलंय, मी आता त्या यंत्राला हात लावणार नाही.”

“बाईला कुणी आहे?”

“नवरा आहे. बाहेर बसलाय.”

बाबांनी सुई पुन्हा ओवायला घेतली. दोरा भोकात जाईना.

“औषध कमी पडलं तर गोठेल, बाबा.”

“गोठेल.”

“जास्त झालं तर वाहील.”

“वाहील.”

“मग मी काय करू?”

“मला विचारतेस? मला धड सुई धरता येत नाही.”

तिने त्यांच्या हातून सुई घेतली, दोरा ओवून परत दिला. मग फोन काढला.

“पिंपळकर, त्यांना तयार ठेवा. नवऱ्याला म्हणावं, मी येऊन बोलते. हो… सगळं सांगते. गाठींचंही.”

ती उठली. “दंडवत, बाबा.”

“दंडवत.”

दोन पायऱ्या उतरली आणि वळली. दुपारभरात हे विचारायचंच राहिलं होतं.

“बाबा, तुम्ही… बरे आहात ना?”

बाबांनी झोळी मांडीवरून खाली ठेवली.

“त्याचं अंथरूण मी अजून उचललेलं नाही.”