चेअरमनसाहेबांची गाडी आणि शाळेपुढचा गतिरोधक

साखर कारखान्याचे चेअरमन विश्वासराव यांनी शर्यतीच्या गाडीचं इंजिन बसवलेली, पण रस्त्यावर चालणारी गाडी परदेशातून आणली. ती जमिनीला इतकी लागून होती की शाळेपुढच्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. तो उखडून टाकावा, असा ठराव त्यांनी ग्रामसभेत मांडला. शाळा सुटताना शेवंताबाईची लेक कस्तुरा तिथेच ट्रकखाली गेली, तेव्हा गावानं तो बांधून घेतला होता.

"अशा वीसच गाड्या आहेत जगात," चेअरमन म्हणाले. "तुमच्या एका उंचवट्यापायी तिची नासाडी करू का?"

मागे बसलेल्या बायकांतून शेवंताबाई उठली. "साहेब, समजा तिचं पोट फाटलंच, तर नवं मिळतंय का?"

"मिळतं की. कंपनी विमानानं पाठवते. गाडी होती तशी होते."

"मग फाटू द्या," ती म्हणाली. "माझी कस्तुरा जगात एकच होती, आन् तिचं काय बी कुठनं येत न्हाई."

सरपंचांनी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. एकट्या चेअरमनचा हात वर गेला. त्यांनी भोवताली पाहिलं आणि तोही सावकाश खाली घेतला.