मुकुट, अंगठी आणि अरुंद दार

एका राज्यात ओडोमार नावाचा राजा होता. पोट मोठं, मुकुट मोठा, अक्कल बेताची. त्याच राज्यात अन्सगार नावाचा बिशप होता. त्याचंही तेच, फक्त मुकुटाऐवजी अंगठी. रीत अशी, की नव्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा तो बिशपने, आणि नव्या बिशपच्या बोटात अंगठी घालायची ती राजाने. त्यामुळे दोघांनाही वाटे, समोरचा आपल्या जिवावर उभा आहे.

राणी हेडविगला मुलगा झाला. बाळाला नाव द्यायच्या बाप्तिस्म्याची मिरवणूक वाजतगाजत चर्चच्या दाराशी आली आणि अडली. दार अरुंद. आधी कोणी शिरायचं?

"देवाचं घर आहे. आधी मी," बिशप म्हणाला.

"घर देवाचं, दगड माझ्या खाणीतले. आधी मी," राजा म्हणाला.

बिशप लालबुंद झाला. हातातली मेणबत्ती उलटी करून त्याने जमिनीवर विझवली आणि शाप दिला, "ज्याच्या हातून मिळालं त्याच्यापुढे वाकेपर्यंत, मिळालेलं आवळत राहो!"

झालं. चर्चच्या घंटा मुक्या झाल्या, लग्नं खोळंबली, बाळ बिननावाचं राहिलं. आणि राजाचा मुकुट आवळू लागला. लोणी चोळलं, लोहार झटले, मुकुट हलेना. राजाचे कान कोबीच्या पानांसारखे बाहेर आले. वैद्य म्हणाला, "महाराज, नाताळपर्यंत डोकं अक्रोडासारखं फुटेल."

चर्चच्या कळसावर वारा दाखवणारा लोखंडी कोंबडा होता. तो बोलत असे. त्याचं तिथे कोणाला नवल नव्हतं. राजा खालून ओरडला, "कोंबडेराव, उपाय सांगा!"

"बिशपच्या दारात बर्फात अनवाणी उभा राहा."

राजाने विचार केला, लढाईला सेनापती जातो, तर बर्फालाही तोच जाईल. सेनापती उभा राहिला आणि शिंकत घरी आला. मुकुट भुवयांवर उतरला.

"दुसरं सांगा!"

"उपास कर."

राजाने आचाऱ्याला उपाशी ठेवलं, आणि आचारी जेवत नाही म्हणून त्याच्या वाटचं बदकही स्वतःच खाल्लं. मुकुट डोळ्यांवर आला.

"तिसरं तरी सांगा!"

"माफी माग."

राजाने दरबारी भाट पाठवला. भाटाने आधी राजाची बिरुदं म्हणायला घेतली. माफीपर्यंत यायच्या आत बिशपने दार लावून घेतलं. आता मुकुटाखाली कवटी कडकड वाजू लागली.

"लबाडा, तिन्ही उपाय केले की!" राजा कळसाकडे बघून कण्हला.

कोंबडा गर्रकन फिरला. "मुकुट कोणाच्या डोक्यावर आहे?"

"माझ्या."

"मग दुसऱ्यांचे पाय कशाला गारठवतोस?"

राजा घरी येऊन पलंगावर आडवा झाला. राणी म्हणाली, "अहो, पोराला बाप लागतो. डोक्यासकट लागतो. उठा."

राजा उठला. सकाळचं बदक तसंच ठेवलं, जोडे काढले आणि बर्फातून निघाला. पाय काळेनिळे झाले, पोटात कावळे ओरडू लागले. अर्ध्या वाटेत समोरून कोणी लंगडत येताना दिसलं. मान मागे टाकून मुकुटाखालून पाहतो तर बिशप! तोही अनवाणी, तोही उपाशी, आणि अंगठीचं बोट सुजून वांग्यासारखं जांभळं.

"गुरुवर्य, आपण?"

"शाप देताना रागात भान राहिलं नाही," बिशप पुटपुटला. "अंगठी मला तुमच्याच हातून मिळालेली."

राजाला हसू फुटलं. हसल्याने डोकं ठणकलं, म्हणून तो थांबला.

"मग आधी आपण वाका."

"आधी महाराजांनी वाकावं."

दोघेही बर्फात ताठ उभे. राजाला ते बिननावाचं पोर आठवलं. त्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? "चुकलो, गुरुवर्य. माझ्या पोराला नाव द्या," म्हणत तो वाकला. नेमका तेव्हाच बिशपही "चुकलो, महाराज" म्हणत वाकला.

ठण्ण! डोक्यावर डोकं आपटलं. मुकुट उडून बर्फात पडला, अंगठी त्याच्यामागे घरंगळत गेली, आणि साऱ्या राज्यातल्या घंटा एकदम वाजू लागल्या.

पुन्हा मिरवणूक निघाली, पुन्हा दाराशी आली.

"आधी आपण, गुरुवर्य."

"छे छे, आधी महाराज."

शेवटी दोघे एकदम शिरले आणि पोटाला पोट लागून दारात घट्ट अडकले. राणी बाळाला घेऊन मागच्या दाराने केव्हाच आत पोचली होती. तिथून तिचा आवाज आला, "अहो, बारसं करायचंय की दारातच मुक्काम?"

गवंडी बोलावून दार फोडलं, तेव्हा दोघे सुटले. बाळाचं नाव राणीने ठेवलं. दार रुंद झालं, त्याचे दगड कोणाच्या खाणीतले हे कोणी काढलं नाही, आणि राज्य सुखाने नांदू लागलं. कोंबडा मात्र अजून वारा येईल तिकडे तोंड करून बसला आहे.