मागच्या खुर्चीतला

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. भुताचा भाग तेवढा वगळा, म्हणजे उरत काहीच नाही.

स्टुडिओचे मालक हिंदुराव नवख्या दिग्दर्शिकेला, रेवतीला, म्हणाले, “वीस कोटींचा भुताचा सिनेमा तुमच्या हाती देऊ? बाई, तुम्हाला ओळखतं तरी कोण?”

रेवतीनं स्टुडिओच्या छोट्या थिएटरात अंधार करून आपल्या सिनेमाची नमुन्याची फीत लावली. पडद्यावर हेच थिएटर होतं, हिंदुरावांची हीच खुर्ची, रिकामी. तिच्या मागच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. ते हळूहळू पुढं वाकू लागलं. हिंदुरावांच्या मानेला गार श्वास लागला. मागं वळायची छाती होईना.

“दिवा लावा,” ते कसेबसे म्हणाले. मागं कुणीच नव्हतं. कपाळ पुसत त्यांनी विचारलं, “कोण होता तो?”

“ओळखीचा असता तर घाम फुटला असता का, साहेब?”