गादीला ऊन

“पण रजा मागितलीस कुणाकडं?”

गिरीबुवांनी विचारलं आणि मल्हार निमकर गालातल्या गालात हसला. म्हातारा इथंच फसणार, हे त्याला ठाऊक होतं.

“मी कुणाचा नोकर नाही, बुवा. माझा मीच मालक. घरी बसून काम करतो. ऑनलाइन.”

“म्हंजे?”

“लोकांची दुकानं असतात इंटरनेटवर. त्यांची चित्रं, जाहिराती मी करून देतो. गिऱ्हाईक दुबईत, मी सांगलीत. कुणाचं तोंड बघायला नको की कुणाची बोलणी खायला नकोत.”

“मग झ्याक की,” बुवा म्हणाले आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले.

झ्याक असतं तर वारणेकाठच्या या टेकडीवर, या गोसाव्याच्या मठात मल्हार कशाला तडमडला असता?

झालं होतं असं. एका गिऱ्हाइकानं निरोप पाठवला, जाहिरातीतलं बटण निळं आहे, ते जरा अजून निळं करा. चुटकीसरशी होणारं काम. मल्हारनं लॅपटॉप उघडला आणि त्याला रडू कोसळलं. बटणासाठी रडणारा माणूस त्यानंही आजवर पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून हात चालेना. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. तोंडाची चव गेली, झोप गेली.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर काम बंद. असंच रेटत राहिलात तर एक दिवस अंथरुणातून उठता येणार नाही. त्यांनी गोळ्याही दिल्या. मल्हारला वाटलं, याचं औषधवाल्याशी साटंलोटं असणार. मग दुसरे डॉक्टर गाठले. त्यांनी गोळ्या दिल्याच नाहीत, नुसती विश्रांती सांगितली. तेव्हा वाटलं, याला काही येतच नाही.

शेवटी बायको, केतकी, कंबर कसून उभी राहिली.

“माझ्या मामांच्या गावच्या बुवांना एकदा भेटून ये. नाहीतर मी माहेरी जाते. मग बस त्या निळ्या बटणाशी बोलत.”

आला. पण डोळ्यांत तेल घालून आला.

मठाबद्दल लोक काय म्हणतात, ते त्यानं आधी फोनवर शोधलं. तिघांनीच लिहिलं होतं आणि तिघांनीही चांगलंच लिहिलं होतं. तिघं एकाच घरातले असणार. आल्यावर त्यानं दानपेटी शोधली. नव्हती. पैसे पाठवायचा क्यूआर कोड शोधला. तोही नव्हता. ज्याअर्थी समोर काहीच मागत नाहीत, त्याअर्थी आत काहीतरी मोठं मागत असणार, असं त्यानं मनाशी धरलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यानं तर बुवांनी दिलेलं पाणीसुद्धा आधी हुंगलं, मग प्यायला.

“मला रजा नको, बुवा,” तो म्हणाला. “ताकद पाहिजे. मंत्र द्या, काढा द्या, काय असेल ते द्या. दुबईचं मोठं काम आलंय. दिवस मावळायच्या आत हो म्हणून कळवायचंय.”

“आन् न्हाई कळवलंस तर?”

“दुसरा टपलेलाच असतो. इतक्या वर्षांत एकेक गिऱ्हाईक जोडलंय मी. तिथं थांबला तो संपला. कोणी कुणाची आठवण ठेवत नाही.”

बुवांनी शेंगांची टरफलं एका बाजूला सारली.

“आधी कुणाकडं हुतास?”

“होतो एका कचेरीत. देवस्थळी नावाचे साहेब होते. एक नंबरचे खडूस. त्यांच्या जाचाला कंटाळून तर सोडलं.”

“रजा द्यायचा?”

“…द्यायचे. तोंड वाकडं करून. पण द्यायचे.”

मल्हारनं एक टरफल उचलून बोटांत चुरडलं.

“एकदा ताप अंगावर काढून कामावर गेलो होतो. त्यांनी रिक्षा बोलावून घरी धाडलं. संध्याकाळी फोनही केला.”

हे सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. म्हातारा पोटात शिरून बोलायला लावतोय, असं त्याला वाटलं. शिवाय केतकीनं आधीच फोन करून सगळं सांगून ठेवलं असणार.

“आन् आत्ताचा मालक?”

“सांगितलं ना. मीच.”

“तेच इचारतोय. कसा हाय?”



ओसरीच्या वरच्या अंगाला एक गादी होती. बुवांच्या गुरूंची. तिच्यावर कुणी बसत नसे, बुवासुद्धा नाहीत. येणारा-जाणारा तिच्यापुढं डोकं टेकवायचा आणि खाली घोंगडीवर बसायचा. बुवा उठले. गादीवरचं सकाळचं फूल त्यांनी उचलून कोनाड्यात ठेवलं.

“बस.”

“गादीवर?”

“मालक हाईस न्हवं?”

मल्हारनं आधी आढ्याकडं पाहिलं. वाशांत कुठं कॅमेरा लपवलेला दिसेना. मग वाटलं, आता बसवतील, फोटो काढतील आणि मग पावती फाडतील.

“पैसे पडतात का?”

“बसायचं काय पडत न्हाई. उठायचं जड जातंय.”

तो अवघडून बसला. गादी मऊ होती.

“आता खाली ये. हितं, घोंगडीवर. हितं नोकर बसतोय. माग रजा.”

“कुणाकडं?”

“वर हाय की त्यो.”

वर कुणी नव्हतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, मल्हारच्या मनात आलं. पण आलोच आहोत तर होऊन जाऊ द्या म्हणून त्यानं नाटकात जोडतात तसे हात जोडले.

“मालक, महिनाभर रजा पाहिजे.”

“जा वर,” बुवा म्हणाले. “मालक काय म्हणतोय ते ऐकू दे मला.”

मल्हार गादीवर गेला. घसा खाकरला.

“महिनाभर? कशासाठी?”

“खाली.”

“दमलोय.”

“वर.”

“दमलोय म्हणे!” मल्हार हसत हसत म्हणाला. “दगड फोडतोस की काय? पंख्याखाली खुर्चीत बसून कुणी दमतं का? तुझ्या बापानं जन्मभर एसटी चालवली. घाटातून, पावसातून. तो कधी दमला नाही.”

आता बुवांनी खूण करायची गरज उरली नव्हती. हसूही कुठल्या कुठं गेलं होतं.

“सोंग आहे तुझं सगळं. परवा केतकीशी बोलताना हसलास ना? तेव्हा बरा होतास? चहा चालतो, गप्पा चालतात, कामच तेवढं चालत नाही? डॉक्टरांना गुंडाळलंस, मला नाही गुंडाळता येणार. मी ओळखून आहे तुला, लहानपणापासून. तू आळशी आहेस. आणि ते रडणं… ते तरी खरं होतं का? की मला दाखवायला रडलास?”

शेवटचं बोलून मल्हार स्वतःच दचकला.

टेकडीखाली कुणीतरी बैलांना हाकत होतं.

हे वाक्य त्याच्या मनात रोज येत होतं. पण ते असं मोठ्यानं, दुसऱ्या माणसाच्या देखत त्यानं कधी ऐकलं नव्हतं. देवस्थळी साहेब खडूस खरे, पण असं ते कधी बोलले नव्हते. असं बोलायची त्यांची प्राज्ञाच नव्हती.

तो आपणहून खाली आला. घोंगडीवर बसला. हात जोडायला गेला तर या वेळी ते खरोखरच जोडले गेले.

“खरं होतं,” तो म्हणाला.

गादी रिकामीच होती.

“हात चालत नाहीत, मालक. खोटं नाही बोलत. छातीत धडधडतं. रंगसुद्धा नीट दिसेनासे झालेत.”

तो वर गेला. गादीवर टेकला न टेकला तोच म्हणाला, “पुरावा काय?”

आणि खाली आला.

खाली बसलेल्याकडं पुरावा नव्हता. तो नुसताच बसून राहिला, मान खाली घालून. त्याची मल्हारला दया आली. फार दया आली. डोळे भरून आले आणि त्याच वेळी हेही खरं असेल का, असं त्याला वाटून गेलं.

“काय म्हणतोय मालक?” बुवांनी विचारलं.

“नाही म्हणतोय.”

“मग सोड की नोकरी. देवस्थळ्याची सोडलीस तशी.”

“कशी सोडू? त्या साहेबांच्या तावडीतून सहा वाजता तरी सुटायचो. हा घरीच राहतो. मी ताटावर बसलो की समोर बसतो. झोपलो की उशाशी बसतो.”

“रातभर?”

“रात्रभर.”

“मग त्यो झोपतो कवा?”

“कोण?”

“मालक.”

मल्हार गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ना डॉक्टरांनी, ना केतकीनं.

“…झोपत नाही,” तो सावकाश म्हणाला. “मी कामचुकारपणा करीन म्हणून जागा असतो. स्वतःचं सुरू केल्यापासून झोपलेला नाही तो.”

“आरं, आरं, आरं…”

बुवांच्या तोंडावर कळवळा दाटून आला. मल्हारला वाटलं, आता हे आपल्याला जवळ घेतील. पण बुवा त्याच्याकडं बघतही नव्हते. ते गादीकडं बघत होते.

“लई वंगाळ झालं. मग रजा त्याला दे की.”

“नोकरानं मालकाला रजा द्यायची?”

“हितं दुसरं कोण हाय द्यायला?”

मल्हार रिकाम्या गादीकडं बघत राहिला.

“बघतोस काय? दे.”

“…जा,” मल्हार हळूच म्हणाला. लगेच त्याला भीती वाटली. “पण तो जाणार नाही, बुवा. मी ओळखतो त्याला. गेल्यासारखं दाखवील आणि दाराआड उभा राहील.”

“ऱ्हाईल, ऱ्हाईल. हाडाचा मालक हाय.”

बुवांनी वाकून गादीची वळकटी केली. गुरूंची गादी, जिच्यापुढं सारा गाव डोकं टेकवतो, ती काखोटीला मारून ते बाहेर गेले. अंगणातल्या दगडी कट्ट्यावर त्यांनी ती उन्हात पसरली. मग कोपऱ्यातली काठी घेतली आणि धपाधप झोडपायला लागले. धूळ उडाली.

मल्हार उठून दाराशी धावला.

“अहो बुवा! गुरूंची गादी ना ती?”

“ढेकूण झाल्यात.”

“मग मी बसू कुठं?”

“खाली हाईस की.”

एवढं बोलून बुवा विहिरीकडं निघून गेले. काही समजावणं नाही, आशीर्वाद नाही. मल्हार ओसरीवर परत आला. वरच्या अंगाला आता नुसती सारवलेली जमीन होती. तो घोंगडीवर जरा टेकला. म्हातारा आपल्याला असा एकटा का सोडून गेला? सामान तपासायला? त्यानं पिशवी डोक्याखाली घेतली आणि एक हात खिशातल्या फोनवर दाबून ठेवला. डोळे मिटायचे नाहीत, असं त्यानं ठरवलं. अंगणातून धुळीचा आणि तापलेल्या कापसाचा वास येत होता. समोर कुणी नव्हतं. उशाशीही कुणी नव्हतं.

जाग आली तेव्हा अंगावर घोंगडीचं दुसरं टोक पांघरलेलं होतं. फोनवरचा हात केव्हाच सुटून बाजूला पडला होता. ऊन टेकडीवरून उतरून गेलं होतं. नदीपलीकडचं आभाळसुद्धा विझत आलं होतं.

दुबई.

छातीत धस्स होईल म्हणून तो वाट बघत राहिला. झालं, पण उशिरा झालं. उठून बसताना त्याला जाणवलं, की आपल्याला भूक लागलीय. खरीखुरी, पोटात कावळे ओरडण्याइतकी. आणि लगेच दुसरं काहीतरी जाणवलं. इतकी गाढ झोप… हे सरळ नव्हे.

दिवा लावायला बुवा आत येत होते. एका हातात निरांजन, खांद्यावर गादी.

“बुवा, त्या पाण्यात काय घातलं होतंत?”

“पाण्यात? काय न्हाई. वारणाच हाय ती.”

मल्हारचा हात खिशाकडं गेला. फोन काढू की नको, हे त्याचं ठरेना. त्यानं बाहेरच्या अंधाराकडं पाहिलं, मग वरच्या मोकळ्या जमिनीकडं.

“खरं सांगा, बुवा. मी किती वेळ झोपलो?”

बुवांनी निरांजन कोनाड्यात ठेवलं. खांद्यावरची गादी उतरवून दोन्ही हातांत धरली. खाली घातली नाही, तशीच धरून ते उभे राहिले.

“कोण इचारतंय?”