तीन कोस सोन्याची तार

"तांब्याची तार? आमच्या राजवाड्याला? शी! शी! शी!"

कुसवडे संस्थानचे राजे महिपतराव गादीवरून घसरता घसरता वाचले. "तांब्याच्या बंबात लोक आंघोळीचं पाणी तापवतात! दसऱ्याला राजवाड्यात विजेचे दिवे लागतील ते सोन्याच्या तारेतून! नाहीतर तांबट आळीतल्या सगळ्या भट्ट्या बंद!"

समोर तार ओढण्यासाठी बोलावलेली भागीरथी तांबटीण उभी होती. आळीत अठरा भट्ट्या, आणि त्यांच्या जिवावर अठरा घरांच्या चुली पेटत होत्या. धबधब्यावरच्या वीजघरापासून राजवाडा तीन कोस. आणि खजिनदाराने तिच्या हातावर काय ठेवलं? सोन्याची एक कंठी! तीही बारीक.

विजेचं काम पाहणारे इंजिनिअर दामले खाकरत म्हणाले, "सरकार, खरं सांगायचं तर वीज सोन्यापेक्षा तांब्यातून सहज वाहते. तांब्याच्या पुढे फक्त चांदी..."

"चांदी बायका पायात घालतात!" राजे गरजले. "दामले, तुम्ही वीज शिकलात, शोभा शिकला नाहीत!"

दामल्यांनी नकाशाची गुंडाळी केली. नोकरी त्यांनाही हवीच होती.

भागीरथीने चार दिवस कंठीची तार ओढली. ओढून ओढून ती केसाएवढी झाली, तरी जेमतेम दोन खांबांना पुरली. तिच्यावर एक कावळा येऊन बसला आणि तार तुटली. भागीरथीने त्या कावळ्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. शिव्या देता देता तिची नजर खांबाशेजारच्या झाडावर गेली आणि ती एकटीच खो खो हसत सुटली. तशीच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार!" ती ओरडली. आळीतल्या ठोकाठोकीत उभा जन्म गेलेला, हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. पंखेवाल्याच्या हातातून पंखा पडला. "तार करते! पण यंदा शिलंगणाच्या मैदानात सरकारांनी तोंड उघडायचं नाही!"

"काय?" राजे ताडकन उठले. "सात पिढ्यांची चाल आहे! राजाने आपट्याला तलवार लावायची आणि रयतेला ललकारून सांगायचं..."

"काय सांगायचं, सरकार?"

"लुटा सोनं!" राजे सवयीने गरजले.

"अन् मग रयत काय करते?"

"तुटून पडते! झाडावर एक पान ठेवत नाही!" राजांनी मिशीवरून हात फिरवला.

"दामलेसाहेब, आपली तार कुठून जाणार?"

दामल्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "मैदानावरूनच. अगदी आपट्याला लागून."

भागीरथीने पदर खोचला. "दर साली लोक बिचारे पानालाच सोनं म्हणतात! यंदा डोक्यावर खरंखुरं सोनं लोंबणार, अन् खुद्द सरकार हुकूम सोडणार, लुटा! हुकूम मोडायची छाती आहे कुणाची? लुटून झालं की रीतीप्रमाणे सगळे राजवाड्यात येतील, तारेचा एकेक तुकडा सरकारांच्या हातावर ठेवतील अन् म्हणतील, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!' सरकार राहतील सोन्यासारखे, पण अंधारात!"

राजे परत गादीवर टेकले. "मग... मग तार कसली करायची म्हणतेस?"

"आजवर कुठला राजा 'लुटा तांबं!' म्हणालाय, सरकार?"

राजे असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदील सुटून मांडीवर आला. "दामले! तांबं! तिन्ही कोस तांबं! आणि भट्ट्या रात्रंदिवस चालू द्या! भागीरथे, काय हवं ते माग!"

"पहिला दिवा आमच्या आळीत लागू दे."

"राजवाड्याच्या आधी?"

"वीज आमच्या दारावरूनच जाणार ना? दारावरून जाणाऱ्या पाहुणीला घटकाभर टेकवल्याशिवाय कसं पुढे धाडायचं?"

राजांना पुन्हा हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी दामल्यांना खूण केली, आणि दामल्यांनी नकाशावर पहिला दिवा तांबट आळीत काढला.