तीन मेणबत्त्या

"मग त्या पोरीला उद्या घरीच थांबायला सांगू का, सर?"

गुंजाळ सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. निवृत्त झाले तरी गावातले शिक्षक अडलं की त्यांच्याकडेच येत. आज आला होता दौलत. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत विज्ञान शिकवणारा.

"कुठली पोर?"

"हिना तांबोळी, सातवीतली. उद्या तपासणीला साहेब येणार. वर्ग कसा तयार केलाय मी, सर! प्रश्न विचारला की सगळी पोरं एका सुरात उत्तर देतात. तालुक्यात असा वर्ग नाही. ही एकटीच मध्ये बोलते."

"काय बोलते?"

"ताटात पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कारण प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. तुम्हीच शिकवलंत. तर ही म्हणते, मी घरी तीन मेणबत्त्या लावल्या, पाणी जास्त चढलं. ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच... मग जास्त का?"

"तू काय म्हणालास?"

"खाली बस म्हणालो."

सर उठले. पंखा बंद केला. आत गेले.

"अहो, ते चांगलं ताट नका घेऊ!" आतून सरांच्या पत्नीचा आवाज आला.

सर तेच ताट घेऊन आले.

एक मेणबत्ती. पाणी बोटभर चढलं.

मग तीन. ग्लास तोच. पाणी दुप्पट चढलं.

दौलत बघत राहिला...

"पुन्हा एकदा करू, सर?"

या वेळी तो ताटावर पार ओणवा झाला. ग्लास टेकताच काठाखालून बुडबुडे सुटले.

"हवा बाहेर जातेय... सर, हे मी कधी बघितलंच नाही."

"मीही नाही."

"पण तुम्हीच तर..."

"हो. मीच."

मग सर एकदम हसले. नातवानं कुस्ती मारावी आणि आजोबानं हसावं, तसे.

"अशी पोर तुझ्या वर्गात आहे, आणि तू मला एका सुराचं कौतुक सांगतोस होय रे?"

दौलतनं मान खाली घातली.

"मग खरं उत्तर काय, सर? उद्या वर्गात काय सांगू?"

सर ताट पुसत होते.

"तिच्या शेजारी मला जागा ठेव."